एक रुपयाचं विमान

कॉमर्सच्या अभ्यासात 'घसारा' नावाचं एक प्रकरण असतं. त्याचा मथितार्थ असा, की कुठलंही यंत्र विकत घेतल्या क्षणापासून म्हातारं व्हायला लागतं आणि दरसाल थोडं थोडं करून हिशेबाच्या वहीतून मरत जातं. शेवटी त्याची पुस्तकी किंमत एक रुपया उरते. शून्य लिहीत नाहीत. शून्य लिहिलं तर वस्तू होती हेच लोक विसरायचे. पुढे मी बँकेत चिकटलो आणि पाहतो तो काय, शाखेतली कपाटं, पंखे, पाण्याचा माठ ठेवायचा तिवई-स्टँड, सगळं जग एकेक रुपयाचं! त्यातल्या काही पंख्यांचा वारा पाहता तो रुपयासुद्धा अंमळ जास्तच लावलेला होता.

पण या प्रकरणात एक गोष्ट राहून गेली आहे. वस्तूची किंमत एक रुपयावर आली की नेमकं तिथून जिचं प्रेम सुरू होतं, अशी एक जमात या जगात आहे. ही माणसं प्रामुख्यानं अमेरिका-युरोपात राहतात. दिवसा चारचौघांसारख्या नोकऱ्या करतात आणि रात्री घरात निजानीज झाली की १९६०-७० सालच्या जेट विमानाचं कॉकपिट बांधायला बसतात. बरं, विमान तरी कुठलं? शेकडो उतारू नेणारं जंबो नव्हे, की बॉम्ब टाकणारं लढाऊ नव्हे. बड्या कंपन्यांचे साहेब मीटिंगला जायला वापरत ते सहा-आठ आसनी 'बिझनेस जेट'. म्हणजे एखाद्यानं संस्थानिकाची जुनी मोटार जपायची सोडून तिच्या ड्रायव्हरची सीट, स्टिअरिंग आणि हॉर्न एवढंच दिवाणखान्यात आणून मांडावं, तसला हा प्रकार. काहीजण ते संगणकाच्या पडद्यावर चितारतात, काहीजण प्लायवूड आणि पत्रा कापून करतात, तर काही भाग्यवान भंगारात निघालेल्या विमानाचं अख्खं नाकच विकत आणतात. झाल्यावर ते उडत नाही. उडू नये अशीच अपेक्षा असते, कारण वरच्या मजल्यावर दुसरं बिऱ्हाड असतं.

हे लोण आमच्या घराण्यात आलं ते ताईच्या मुलाच्या पावलांनी. भाचा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. फ्लॅटच्या दोन खोल्यांपैकी एक त्यानं 'लिअरजेट'ला दिली आहे. ताईची तक्रार एकच : "अरे, उद्या मुलीकडचे लोक आले तर त्यांना बसवू कुठं? को-पायलटच्या खुर्चीत?" मी त्या खुर्चीत बसून पाहिलं आहे. समोर इतकी गोल तबकडी-घड्याळं, की घड्याळजीच्या दुकानात दरोडा घालायला शिरल्यासारखं वाटतं. "मामा, कोपर सांभाळ. थ्रॉटलला लागतंय," भाचा ओरडला. दुसऱ्या मजल्यावरच्या प्लायवूडच्या विमानातून खाली पडायच्या भीतीनं मी कोपर खरोखरच मागे घेतलं. त्या क्षणी मला या खोट्या विमानाबद्दल आदर वाटला, आणि हे खातं मुळात उघडलं कुणी, हे शोधायची खुमखुमी आली.

खातं उघडलं आहे एका बाजाच्या पेट्या करणाऱ्याच्या मुलानं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगॅम्टन नावाचं गाव आहे. तिथं लिंक घराण्याचा पियानो आणि ऑर्गन तयार करायचा कारखाना होता. चिरंजीव एडविन लिंक यांना विमानाचा नाद. १९२० साली त्यांनी लॉस एंजलिसला चार्ली चॅप्लिनचा सावत्र भाऊ सिडनी याच्या विमानतळावर ५० डॉलर मोजून पहिला धडा घेतला. धडा असा, की गुरुजींनी तासभर आकाशात कोलांट्या मारल्या आणि खाली आणलं. शिष्याला दांड्याला बोटही लावू दिलं नाही. आमच्याकडे मोटार ड्रायव्हिंगच्या क्लासात पहिले चार दिवस जे चालतं, त्याचीच ही मूळ आवृत्ती.

लिंकना वाटलं, की जमिनीवरच शिकता आलं तर? त्यांच्याकडे साहित्य काय, तर ऑर्गनचे भाते आणि हवा ओढणारे पंप. १९२७ ते २९ या काळात त्यांनी आखूड पंखांचं एक लाकडी विमान केलं आणि भात्यांवर बसवलं. दांडा डावीकडे केला की डावीकडच्या भात्यातली हवा जाई आणि विमान डावीकडे कले. म्हणजे जगातला पहिला यशस्वी फ्लाइट सिम्युलेटर पेटीच्या भात्यावर चालला. आपल्या नाट्यसंगीताच्या रसिकांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही. पेटंट १९३१ साली मिळालं. त्यात लिंकनी सावधगिरीनं लिहून ठेवलं होतं, की हे शिकाऊ वैमानिकांच्या शिक्षणाचं आणि करमणुकीचं असं दुहेरी साधन आहे. जगानं दुसराच शब्द वाचला. वैमानिकी शाळांनी ढुंकून पाहिलं नाही आणि विमानं गेली जत्रेत. पोरं नाणं टाकून त्यात बसू लागली. दोन-चार वर्षं हा शोध फिरत्या पाळण्याच्या शेजारी उभा होता.

तो तिथून बाहेर आला त्याची गोष्ट हसण्यासारखी नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी विमान कंपन्यांची टपालाची कंत्राटं रद्द केली आणि टपाल नेण्याचं काम लष्करी वैमानिकांवर सोपवलं. भर हिवाळा, बर्फाची वादळं, रात्रीची उड्डाणं, पुष्कळशी विमानं उघड्या कॉकपिटची. आणि या तरुण पोरांना बाहेर काही दिसेनासं झालं, की नुसत्या काट्यांकडे बघून विमान हाकायचं शिक्षण जवळजवळ नव्हतंच. ढगात शिरलेल्या माणसाला आपण सरळ चाललो आहोत असं वाटत असतं आणि विमान तिरकं होऊन खाली चाललेलं असतं. शरीर बिनदिक्कत खोटं सांगतं आणि काटा खरं सांगतो. पण काट्यावर विश्वास ठेवायचा सराव लागतो. तो नव्हता. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक गेले. लोकांची पत्रं पोचवताना गेले.

त्यानंतर लष्कराला बाजाच्या पेटीवाल्याची आठवण झाली. नेवार्कला भेट ठरली त्या दिवशी धुकं इतकं, की लिंक काही येत नाहीत असं समजून अधिकारी निघायच्या बेतात होते. तेवढ्यात त्या धुक्यातून लिंकचं विमान अलगद खाली उतरलं. ते स्वतः काट्यांकडे पाहूनच आले होते. एवढ्या चांगल्या जाहिरातीला काही उत्तर नसतं. लष्करानं सहा यंत्रं प्रत्येकी ३,५०० डॉलरला घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशा यंत्रांवर दोस्त राष्ट्रांचे पाच लाखांवर हवाई सैनिक शिकले. मास्तरच्या टेबलावर तीन चाकांचं एक खेकड्यासारखं यंत्र नकाशावर शाईनं रेघ ओढत जाई आणि शिष्य झाकलेल्या पेटीत बसून कुठं कुठं भरकटला ते कागदावर उमटे. चूक कागदावर राहायची आणि माणूस जेवायला घरी जायचा. खोट्या विमानाची खरी कमाई ती हीच.

आता दुसरं खातं. भाच्याच्या खोलीतलं विमान ज्याच्या नावाचं, ते बिल लिअर. आठवीनंतर शाळा सोडलेला माणूस. मोटारीतला रेडिओ रुजवणाऱ्या पहिल्या मंडळींत हा होता, आणि ऑटोपायलटबद्दल १९४९ सालचं कॉलिअर पारितोषिक यालाच मिळालं. निवांत बसावं, तर यानं विमान काढायचं ठरवलं. स्वित्झर्लंडमध्ये 'पी-१६' नावाचं एक लढाऊ विमान तयार होत होतं. तिथल्या सरकारनं १९५८ साली शंभर विमानांची ऑर्डर दिली आणि लगेच झालेल्या एका अपघातानंतर ती रद्द केली. त्या मोडलेल्या लग्नातल्या नवरीचे पंख लिअरनी पाहून ठेवले होते. त्यावरून कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी 'लिअर जेट २३' तयार झालं आणि ७ ऑक्टोबर १९६३ रोजी उडालं. लढाऊ विमानाच्या घराण्यातलं ते, त्यामुळे वेग दांडगा. मात्र आत उभं राहायची सोय नाही. छताची उंची सव्वाचार फुटांच्या आसपास. लाखो डॉलर मोजून साहेब लोक वाकून आत जात. फ्रँक सिनात्रासारखा गायकही वाकला.

या विमानातला मला सगळ्यांत आवडलेला आकडा वजनाचा आहे. अमेरिकेत तेव्हा १२,५०० पौंडांपर्यंतच्या विमानाला लहान विमानांचे सोपे नियम लागत, त्याच्या वर मोठ्या विमानांचे कडक नियम. लिअर जेट २३चं कमाल वजन किती? १२,४९९ पौंड! हा आकडा वाचून मला गहिवरून आलं. आमच्या काउंटरवर पन्नास हजारांच्या वर रोकड भरायची तर पॅन नंबर द्यावा लागायचा. त्यामुळे एकोणपन्नास हजार नऊशेची स्लिप घेऊन निरागस चेहऱ्यानं उभा राहणारा व्यापारी मी रोज पाहायचो. बिल लिअर हा मनुष्य अमेरिकेत जन्माला आला नसता, तर आमच्या शाखेत त्याचं करंट खातं असतं.

पण या विमानाचाही एक तडाखेबंद प्रसंग आहे. जून १९६४ मध्ये सरकारी परीक्षा चालू असताना पहिलं विमान उड्डाण करतानाच कोसळलं. पंखांवर स्पॉयलर नावाच्या फळ्या असतात. उतरल्यावर त्या उभ्या करून वारा अडवायचा आणि उडण्यापूर्वी मिटून टाकायच्या. त्या मिटायच्या राहिल्या होत्या. माणसं वाचली, विमान जळून गेलं. कंपनी पैशाच्या ओढगस्तीत होती आणि विम्याचे पैसे अगदी वेळेवर कामी आले, असं सांगतात. ३१ जुलैला, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, सरकारी प्रमाणपत्र मिळालंसुद्धा. तात्पर्य, अख्ख्या विमानाचं दैव एका खटक्यात होतं. भाचा तो खटका जागच्या जागी, त्याच मापाचा बसवण्यासाठी तीन रविवार का खपला, हे मला त्या दिवशी कळलं.

ही दोन खाती एकत्र कशी आली, तर घरगुती संगणकामुळे. इलिनॉय विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविक यांनी १९७९-८०च्या सुमारास घरच्या संगणकावर विमान चालवायचा खेळ केला. १९८२ साली तो मायक्रोसॉफ्टच्या नावानं आयबीएमच्या संगणकावर आला. त्या काळी आयबीएमसारखाच चालतो म्हणून कुणी नवा संगणक विकायला आणला, की त्याची परीक्षा दोन प्रोग्रॅम घालून घेत. एक 'लोटस १-२-३', म्हणजे हिशेबाची वही, आणि दुसरं हे विमान. हिशेब आणि हवेतले मनोरे या दोन्हींना जो पुरून उरतो तोच खरा, हा निकष मला तरी सार्वकालिक वाटतो. १९८८च्या आवृत्तीत त्यात 'गेट्स लिअरजेट २५' आलं. हे गेट्स मायक्रोसॉफ्टचे नव्हेत. १९६७ साली लिअरची कंपनी ज्या रबर कंपनीनं घेतली, तिचे. नावात काय आहे म्हणतात, ते असं.

या खेळात सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये वर्षानुवर्षं विमान उभं असे ते शिकागोच्या मेग्ज फील्ड या छोट्या विमानतळावर. ३० मार्च २००३च्या मध्यरात्री शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर पाठवून त्या धावपट्टीवर फुल्या खोदून टाकल्या. खरा विमानतळ गेला. पण जुना खेळ जपून ठेवलेल्या लोकांच्या घरी तो अजून आहे आणि सरोवराच्या काठावरून रोज विमानं उडताहेत. तसंच लिअरजेटचं झालं. त्या जुन्या जेटांची इंजिनं भयंकर आवाज करीत. अमेरिकेनं कायदा केला आणि २०१५ साल संपलं तशी जुन्या, गोंगाटी छोट्या जेटांना तिथं उडायला बंदी झाली. इंजिनाचा आवाज दाबायचा खर्च विमानापेक्षा जास्त. मग कित्येक विमानं एक रुपयाची झाली आणि त्यांची नाकं बाजारात आली. २०२२ साली नव्या लिअरजेटांचं उत्पादनही थांबलं.

आता भाच्याच्या जमातीचं काम पाहा. मला वाटलं होतं, की एवढ्या उठाठेवीत ही मंडळी जुन्या विमानाच्या चार गैरसोयी तरी काढून टाकतील. छे! गैरसोयच तर त्यांना हवी असते. लिअरजेटमध्ये पंख, पंखांच्या टोकाच्या टाक्या आणि पोटातली टाकी, असं इंधन ठिकठिकाणी, आणि मोजायला काटा एकच. एक गोल बटन फिरवून एकेका टाकीची चौकशी करायची. भाच्यानं संगणकाला सांगितलं असतं, तर पाचही आकडे एका ओळीत दिसले असते. पण तो बटन फिरवतो, थांबतो, काटा सरकायची वाट पाहतो. कृत्रिम क्षितिज म्हणून एक तबकडी असते. तिच्यातला भोवरा वीज दिल्यावर हळूहळू गती घेतो, तोवर आतलं आकाश डुलत राहतं. आता भोवराच नाही, आतून छोटी मोटर काटा फिरवते. तरी ती तबकडी आधी डुललीच पाहिजे म्हणून त्यानं मोटरला डुलायला शिकवलं आहे! खऱ्या विमानातली जुनी घड्याळं ४०० सायकल्सच्या विजेवर चालत आणि घरची वीज ५०ची. त्यामुळे मूळ घड्याळ लावायचं, तर वेगळी वीज तयार करा, नाहीतर त्याची आतडी काढून नवी घाला.

आणि हे सगळं मॅन्युअलमध्ये मिळत नाही. खटका कुठं आहे ते पुस्तकात असतं. तो किती घट्ट होता, कितव्या 'खट्'ला बसायचा, इंजिन सुरू होताना कुठला आवाज आधी यायचा आणि कुठल्या आवाजाला वैमानिकाचा हात आपोआप पुढे व्हायचा, हे नसतं. ते निवृत्त वैमानिकांना विचारावं लागतं. १९६४ साली तिशीत असलेला वैमानिक आज नव्वदीपुढचा आहे. म्हणजे ही मंडळी रात्री-बेरात्री धडपडतात ती भंगाराशी नव्हे, घड्याळाशी. पत्रा आणखी पन्नास वर्षं टिकेल. पत्र्याला हात कसा लावायचा हे ज्याला ठाऊक, तो टिकायचा नाही.

हे वेड आपल्या मातीला परकं आहे असं मात्र कुणी समजू नये. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ विमानातून कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादला त्यांच्या विमानाचं पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं. बरोबर पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ला, वयाच्या ७८व्या वर्षी, ते त्याच जातकुळीतल्या लेपर्ड मॉथमध्ये बसले आणि कराची ते जुहू पुन्हा एकट्यानं उडाले. एवढ्या वेळात जेट विमान किती फेऱ्या मारील, हा हिशेब करणाऱ्याला त्यातली गंमत कळायची नाही.

मला ती कळते, याला कारण आमची बँक. मी लागलो तेव्हा शाखेत शेवटची लेजरं होती. भुवया चढवून बघण्याएवढी उंच. माझ्या शेजारी हेडक्लार्क बसत. ते आकड्यांच्या उभ्या ओळीवरून करंगळी वरून खाली नेत आणि करंगळी तळाला पोचली, की बेरीज लिहीत. मध्ये कुणी हाक मारली, तर करंगळी तिथंच थांबे, बोलणं होई, आणि करंगळी पुढे निघे. मग संगणक आले. तक्रार नाही, संध्याकाळी बॅलन्स जुळत नाही म्हणून रात्री दहापर्यंत बसणं माझ्या पिढीच्या नशिबातून गेलं, याबद्दल मी रोज हात जोडतो. लेजरं नियमाप्रमाणे ठरावीक वर्षं ठेवली आणि नियमाप्रमाणे नष्ट केली. ती करंगळी मात्र कुठल्याच नियमात बसत नव्हती, त्यामुळे ती कुणी ठेवलीही नाही आणि नष्टही केली नाही. ती घेऊन हेडक्लार्क निवृत्त झाले.

गेल्या रविवारी मी भाच्याला घेऊन त्यांच्याकडे गेलो. आता पंचाहत्तरीला आले आहेत. वाण्याकडून आणलेल्या वहीत मी चाळीस आकडे एकाखाली एक लिहून नेले होते. भाच्यानं मोबाईल लावला. त्यांनी चष्मा पुसला, वही जरा तिरकी केली. वही तिरकी करायचे हे मी पार विसरून गेलो होतो! करंगळी निघाली. मध्येच आतून वहिनींनी साखरेचं विचारलं. करंगळी थांबली, "बिनसाखरेचा" असं उत्तर गेलं, करंगळी निघाली. तळाला बेरीज आली. मी हळूच मोबाईलवर पडताळून पाहिली. जुळली की नाही, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

भाचा मात्र वाकून वहीच्या काठाखाली कोनमापक धरत होता. "मामा," तो म्हणाला, "वीस अंश. लिहून घे."